केसांच्या औषधांचे दुष्परिणाम: काय सोसायचं, काय बदलायचं आणि कधी त्याच दिवशी थांबायचं

केस गळतात म्हणून औषध सुरू केलेल्या माणसाला दुष्परिणाम जाणवला की तो सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. कोणालाही न सांगता औषध बंद करतो, नाहीतर कोणालाही न सांगता तसंच रेटत राहतो. पुण्यात कोथरूडमध्ये मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मी दोन्ही प्रकार बघत असतो. पहिल्यात चांगलं लागू पडत असलेलं औषध उगाच सुटतं. दुसऱ्यात माणूस घोट्यांवर सूज घेऊन आठवडेच्या आठवडे फिरतो आणि विचारलं तर म्हणतो, "ऑफिसात बसून बसून आली असेल."

औषध घ्यावं की नाही, हे तुम्ही आणि तुमचे स्किनचे डॉक्टर मिळून ठरवा. घ्यायचं ठरलं असेल किंवा आधीच चालू असेल, तर पुढचं वाचा.

आधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा

बाजारात नावं ढीगभर आहेत, पण पुरुषांच्या नेहमीच्या टकलासाठी आत दोनच मुख्य औषधं असतात. मिनॉक्सिडिल हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याची गोळी आली, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले आणि त्यातूनच १९८८ मध्ये डोक्याला लावायचं लोशन निघालं. दुसरं फिनास्टेराइड. ते १९९२ मध्ये पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी ५ मिलिग्रॅमच्या गोळीत आलं आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी मंजूर झाली. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं आणि तेच कपाळावरचे आणि टाळूवरचे केस बारीक करत नेतं. फिनास्टेराइड हे बनणं अडवतं. मिनॉक्सिडिलचा हार्मोनशी संबंध नाही. म्हणून दोघांचे दुष्परिणामही वेगळे, आणि सांभाळायची पद्धतही वेगळी.

घोळ होतो तो दोन्ही एकाच बाटलीत असतात तेव्हा. मागे तिशीतला एक जण मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवत म्हणाला, "काका, हे लोशन द्या, मित्र वापरतो तेच." डब्यावर लिहिलेलं होतं: मिनॉक्सिडिल ५ टक्के, फिनास्टेराइड ०.१ टक्के. म्हटलं, यात फिनास्टेराइड आहे, चिठ्ठी लागेल. त्याला वाटत होतं ते फक्त गोळीत असतं. मित्राकडची अर्धी बाटली त्याने वापरूनही झाली होती. "मागे टाळूवर मला दिसत नाही, बायकोच लावून देते. तिला सातवा महिना लागलाय." त्याला समोरच्या बाकावर बसवलं आणि आधी पाणी दिलं, मग सांगितलं. पोटात मुलगा असेल तर फिनास्टेराइडमुळे त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. त्यामुळे गरोदर बाईने हे लोशन हाताळायचं नाही आणि फुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळीला हात लावायचा नाही. त्याला म्हटलं, घाबरून जाऊ नका, पण आजपासून बाटली तुमच्या कपाटात ठेवा आणि उद्याच तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

म्हणून पहिली पायरी ही. डब्यावर "सिरम" लिहिलंय की "टॉनिक", याला अर्थ नाही. आतल्या औषधांची नावं आणि टक्के एका कागदावर लिहून घ्या.

सुरू करायच्या आधीची नोंद

दुष्परिणाम ओळखायचा तर आधी काय होतं ते माहीत हवं. एका रविवारी सकाळी बसा आणि वहीत लिहा: ब्लडप्रेशर, शांत बसलेलं असताना नाडीचे ठोके, वजन. डोक्याचे चार बाजूंनी फोटो एकाच खिडकीशी, एकाच उजेडात काढा. झोप कशी लागते, मन कसं असतं, कामेच्छा कशी आहे, ताठरतेची काही तक्रार आहे का, हेही लिहा. कोणाला दाखवायचं नाहीये, त्यामुळे खरं लिहा. हिंजवडीची रात्रपाळी, घराचा हप्ता आणि चार तासांची झोप यांनीही कामेच्छा कमी होते. आधीची नोंद नसेल तर पुढे सगळं खापर गोळीवर फुटतं किंवा उलट, गोळीचा दोष ताणावर ढकलला जातो.

रक्त तपासायला सांगितलं असेल तर एक गोष्ट सांभाळा. केसांसाठीच्या बहुतेक व्हिटॅमिन गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि ते काही प्रयोगशाळांच्या यंत्रांना चकवतं. थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, आणि हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची तपासणी खोटीच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच हा इशारा दिला आहे. डॉक्टरांना विचारून तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती गोळी थांबवा आणि लॅबमध्येही सांगा.

यापुढचा नियम मी सगळ्यांत वरचा मानतो: एका वेळी एकच नवीन गोष्ट. लोशन, गोळी, बायोटिन, नवा शॅम्पू आणि डर्मारोलर (टाळूवर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर) सगळं एकाच सोमवारी सुरू केलं, तर तिसऱ्या आठवड्यात डोकं खाजायला लागल्यावर कोणाला दोष देणार? दोन औषधं लिहून दिली असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, "दोन्हींमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवलं तर चालेल का?" केसांच्या बाबतीत तेवढ्या अंतराने सहसा काही बिघडत नाही.

मिनॉक्सिडिल लोशन: खाज, गळती आणि नको तिथले केस

सुरुवातीला, साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात, केस जास्त गळतात. यालाच घाबरून सर्वाधिक बाटल्या अर्ध्यावर सुटतात. थांबलेल्या अवस्थेतले जुने केस पडतात आणि मुळं नव्या वाढीला लागतात, म्हणून असं होतं. हा सोसायचा भाग. मात्र गळती तीन महिन्यांनंतरही तशीच असेल, किंवा रुपयाएवढी गोल चकती पडली असेल, तर ते दुसरंच काही आहे. दाखवून घ्या.

खाज, कोंड्यासारखे पापुद्रे, लाली ही दुसरी तक्रार. बऱ्याचदा दोष मिनॉक्सिडिलचा नसतो. ते विरघळवायला घातलेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा आणि अल्कोहोलचा असतो. डब्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉल दिसलं तर डॉक्टरांना विचारून ते नसलेलं लोशन किंवा फोम घ्या. बहुतेकांची खाज एवढ्यावरच मिटते. फोमनेही पुरळ, फोड, पाणी सुटणं झालं तर मिनॉक्सिडिलचीच ॲलर्जी असू शकते. मग लावणं बंद आणि पॅच टेस्टसाठी, म्हणजे कातडीवर पट्टी लावून ॲलर्जी शोधायच्या तपासणीसाठी, स्किन स्पेशालिस्टकडे. मधल्या काळात खाजेवर घरातली कुठलीतरी स्टिरॉइडची ट्यूब चोपडू नका. आपल्याकडे ती सवय फार आहे.

कपाळावर, कानशिलांवर, गालांवर लव वाढते ती बहुधा दोन कारणांनी: औषध ओघळतं, किंवा उशीला लागून तोंडाला लागतं. बायकांना हे जास्त खटकतं आणि योग्यच आहे. उपाय लावण्याच्या पद्धतीत आहे. एका वेळी १ मिलिलिटरच, तेही कोरड्या टाळूवर भांग पाडून, केसांवर नव्हे. झोपायच्या निदान दोन तास आधी लावायचं. हात साबणाने धुवायचे. चार तास डोकं धुवायचं नाही. दोन मिलिलिटर लावल्याने केस दुप्पट येत नाहीत, दुष्परिणाम मात्र वाढतात. लावलेल्या लोशनपैकी साधारण १.४ टक्के औषध रक्तात जातं. टाळू सोललेली, खरचटलेली किंवा नुकताच डर्मारोलर फिरवलेली असेल तर जास्त जातं. म्हणून रोलरच्या दिवशी लोशनला सुट्टी. लावणं थांबवलं की ही नको असलेली लव काही महिन्यांत जाते.

आता इथल्या सवयींचं. रविवारी खोबरेल तेलाची चंपी करायची असेल तर जरूर करा, पण तेलाच्या थरावर लोशन मुरत नाही. आधी डोकं धुवा, वाळवा, मग लावा. सकाळी लोशन लावून लगेच हेल्मेट घातलं तर बंद जागेत ते घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि खाजही वाढते. पूर्ण वाळू द्या, घाई असेल तर सकाळची वेळ जरा अलीकडे ओढा. हेल्मेट टाळायचं निमित्त मात्र करू नका. लोशनमध्ये अल्कोहोल असल्याने ते पेट घेऊ शकतं. ओल्या डोक्याने गॅसपाशी किंवा देवघरातल्या निरांजनापाशी वाकू नका. आणि वाघोली-उंड्रीकडचे लोक टँकरच्या पाण्यालाच सगळा दोष देतात. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण वारशाने येणारं टक्कल त्याने पडत नाही. पाण्याचा फिल्टर बसवलात म्हणून औषध सोडू नका.

घरात तान्हं बाळ किंवा मांजर असेल तर जरा जास्त जपा. वडिलांनी लावलेल्या मिनॉक्सिडिलचा संपर्क होऊन बाळांच्या अंगावर केस वाढल्याची प्रकरणं युरोपच्या औषध संस्थेने तपासून २०२४ मध्ये माहितीपत्रकात इशारा घालायला सांगितलं. लोशन लावल्यावर बाळाला डोक्यापाशी, खांद्यावर घेऊ नका आणि उशीचे अभ्रे वरचेवर धुवा. मांजरांना तर हे औषध जीवघेणं आहे, नुसतं चाटलं तरी. सांडलं तर लगेच पुसा आणि तो बोळा झाकणाच्या डब्यात टाका.

मिनॉक्सिडिलची गोळी: इथे विषय हृदयाचा आहे

हल्ली डॉक्टर केसांसाठी कमी ताकदीची गोळी देतात, बहुतेक ०.६२५ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान. गोळीला मूळ मंजुरी ब्लडप्रेशरसाठी आहे, केसांसाठीचा वापर डॉक्टरांच्या जबाबदारीवर होतो. म्हणजे मित्राच्या पाकिटातली अर्धी गोळी मोडून घ्यायचा हा प्रकार नव्हे. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर ते सांगितल्याशिवाय सुरुवातच करू नका.

अंगावर केस वाढणं ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. ती दिसण्यापुरती आहे. दाढी-मिशी वाढली म्हणून पुरुष खूशच असतात. लक्ष द्यायचं ते चक्कर, धडधड आणि सूज या तिघांकडे.

झोपेतून किंवा भारतीय बैठकीतून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर सावकाश उठा, पाणी पुरेसं प्या आणि गोळी रात्री घेतली तर चालेल का, ते विचारा. एप्रिल-मेच्या उन्हात आणि निर्जळी उपासाला हे जास्त जाणवतं. गणपतीआधी ढोलपथकाच्या सरावाला तासन् तास उभे राहणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तुम्ही एरवी एका दमात चढत असाल आणि गोळी सुरू झाल्यावर मध्येच कठड्याला धरून थांबावं लागत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

सूज बघायची सोपी रीत: संध्याकाळी नडगीवर, घोट्याच्या वर, अंगठा काही सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर पाणी साठतंय. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ रोजच्यापेक्षा खोल उमटत असेल तर तीही खूण. मिनॉक्सिडिलच्या मूळ माहितीपत्रकात दोन आकडे दिलेले आहेत, ते कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा. विश्रांतीतली नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला २० ठोक्यांनी वाढणं, आणि वजन भरभर सव्वादोन किलोच्या वर वाढणं. आधी लिहून ठेवलेली वही इथे उपयोगी पडते. यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस कमी करून पुष्कळांचं भागतं. लोणची, पापड, फरसाण आवरलं तर सुजेला थोडा आराम पडतो, पण तो उपचार नव्हे.

छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं, बेशुद्ध पडणं: इथे फोनाफोनी नको. गोळी बंद, रिक्षा नको, १०८ला फोन करून थेट इमर्जन्सी. हृदयाभोवती पाणी होणं हा क्वचितच, पण नोंदलेला दुष्परिणाम आहे.

फिनास्टेराइड: ज्याबद्दल काउंटरवर आवाज खाली जातो

लैंगिक तक्रारींच्या भीतीने ही गोळी बदनाम आहे. आकडे बघा. मंजुरीसाठीच्या वर्षभराच्या चाचण्यांत कामेच्छा कमी झाल्याचं गोळी घेणाऱ्यांपैकी १.८ टक्के पुरुषांनी सांगितलं, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १.३ टक्क्यांनी. ताठरतेच्या तक्रारी १.३ आणि ०.७ टक्के. म्हणजे धोका आहे, पण थोडा. चाचण्यांतल्या बहुतेकांची तक्रार औषध थांबवल्यावर गेली. भीतीचाही वाटा असतो: २००७च्या एका इटालियन अभ्यासात ५ मिलिग्रॅम घेणाऱ्या ज्या पुरुषांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली होती त्यांच्यात सुमारे ४४ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांत सुमारे १५ टक्क्यांनी.

पण यावरून "सगळं मनाचे खेळ" असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर मी दुसरा डॉक्टर शोधेन. औषध थांबवूनही तक्रार टिकल्याच्या नोंदी आहेत आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या माहितीपत्रकात त्या अधिकृतपणे आल्या. कोणाला असं होईल हे आधी ओळखता येत नाही.

मग करायचं काय? गोळी सुरू केल्यावर महिन्यातून एकदा वही उघडा. रोज स्वतःची परीक्षा घेऊ नका, त्याने नसलेली तक्रारही उभी राहते. बदल एक-दोन आठवडे टिकून राहिला तर डॉक्टरांना सांगा. पुढचे रस्ते तीन आहेत. थोडं थांबून बघणं, कारण चालू औषधातही पुष्कळांची तक्रार निवळते. डोस कमी करणं: ०.२ मिलिग्रॅमनेही टाळूतलं डीएचटी निम्म्याहून जास्त घटतं, त्यामुळे डॉक्टर कधी कमी डोस किंवा एक दिवसाआड गोळी सुचवतात. किंवा बंद करणं. बंद केल्यावर डीएचटी साधारण दोन आठवड्यांत मूळ पातळीवर येतं, म्हणून एक-दोन गोळ्या चुकवून फरक पडतो का बघणं निरुपयोगी. तक्रार तीव्र असेल तर थांबून बघण्याच्या फंदात न पडता बंदच करा. आणि बायकोला सांगून ठेवा. ती नोंदवहीपेक्षा आधी ओळखते आणि तिला अंधारात ठेवल्याने गैरसमज वाढतात.

मनाच्या बाबतीत मात्र थांबून बघायचं नाही. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या १ आणि ५ मिलिग्रॅम गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं पक्कं केलं. कारण नसताना उदास वाटणं, कशातच रस न राहणं, जगणं नकोसं वाटणं यातलं काही सुरू झालं तर १ मिलिग्रॅमची गोळी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. घरच्या एकाला तरी औषध सुरू करतानाच याची कल्पना द्या, कारण उदास माणसाला स्वतःचं उदासपण दिसत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आधी नैराश्याचा त्रास होऊन गेला असेल तर चिठ्ठी लिहून घेतानाच सांगा.

छातीत गाठ, दुखरेपणा किंवा स्तनाग्रातून स्राव आला तर दाखवायला वेळ लावू नका. मूल हवं असेल तर वीर्यतपासणीबद्दल विचारा. काहींच्या शुक्राणूंवर परिणाम होतो आणि औषध थांबवल्यावर सुधारतो. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांनी आरोग्य तपासणीत पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करताना फिनास्टेराइड चालू असल्याचं फॉर्मवर लिहावं. या गोळीने पीएसए साधारण निम्मं होतं आणि प्रोस्टेटचा आजार रिपोर्टमध्ये लपू शकतो. रक्तदान शिबिरात मंडळाची पोरं आग्रह करतील, पण शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्त देऊ नका, ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. फिनास्टेराइडसारखंच डीएचटी अडवणारं ड्युटास्टेराइड घेत असाल तर सहा महिने. ते शरीरात कितीतरी जास्त काळ रेंगाळतं, म्हणून त्याचे दुष्परिणामही थांबवल्यावर लगेच जात नाहीत. पहिल्यांदाच औषध घेणाऱ्याला थेट ड्युटास्टेराइड कोणी देत असेल तर कारण विचारा.

कोणाकडे जायचं, काय घेऊन जायचं

केस विकणारं पॅकेज क्लिनिक आणि स्किनचा एमडी डॉक्टर यांत फरक आहे. जिथे सहा महिन्यांचे पैसे आधी भरायला लावतात, तिथे औषध थांबवा असं सांगायला कोणाची जीभ रेटत नाही. ससून रुग्णालयात किंवा कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत रांग लांब असते, पण तिथे तुम्हाला विकायला काही नसतं. सोबत वही, फोटो आणि औषधांचे डबे न्या. पाकिटं कापून एकच गोळी नेऊ नका, त्यावर नाव सापडत नाही.

दुष्परिणाम झाला तर त्याची नोंदही करता येते. गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे देशभराच्या औषध दुष्परिणामांची नोंद होते. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरांची परवानगी लागत नाही. औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं हाताशी ठेवा.

बंद करताना

फिनास्टेराइड किंवा लोशन एकदम थांबवलं तरी शरीराला झटका बसत नाही. मिनॉक्सिडिलची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून थांबवा, विशेषतः बीपीचा त्रास असेल तर. औषधाने आलेले केस टिकत नाहीत, हे आधीच माहीत असू द्या: मिनॉक्सिडिल सोडल्यावर तीन-चार महिन्यांत आणि फिनास्टेराइड सोडल्यावर वर्षभरात डोकं मूळ वाटेला लागतं. त्या महिन्यांत जी गळती दिसेल तिला नवा आजार समजून नवीन चार बाटल्या आणू नका. एकच औषध त्रास देत असेल तर तेवढंच थांबवा, दुसरं चालू ठेवा. थांबवल्याची तारीख वहीत लिहा. तक्रार गेली का आणि किती दिवसांत गेली, हेही लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टर "कधीपासून?" म्हणून विचारतील तेव्हा छताकडे बघत आठवावं लागणार नाही.